चकवा, आसरा आणि भौरनाग : गोष्टीच्या खेळातले विसरलेले राक्षस

पैनगंगेच्या एका काठावर यवतमाळ, दुसऱ्या काठावर तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. नदीने राज्ये वेगळी केली असली तरी मराठी बोलणाऱ्या घरांतली चकव्याची गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. रात्री रानातून परतणारा माणूस वाट चुकतो, तासभर चालतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. पुन्हा निघतो, पुन्हा तिथेच. चकवा त्याला चावत नाही की ओरबाडत नाही. त्याला शिंगे नाहीत, सुळे नाहीत, तो दिसतो कसा हेही कुणी सांगत नाही. तरीही ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. ऐकणारे मूल अंगावरची चादर घट्ट ओढते आणि विचारते, "मग तो घरी कसा आला?"

चकव्यामागचे शास्त्रही आता बरेच उलगडले आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना जर्मनीतल्या घनदाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात नाकासमोर चालत राहायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आले की ती वळत गेली आणि स्वतःचीच वाट ओलांडून पुढे निघाली, तेही नकळत. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर तर काहींचे वर्तुळ अवघ्या २० मीटर व्यासाचे निघाले. दिशेची बाहेरची खूण नसली की मेंदूचा 'सरळ' हळूहळू ढळत जातो.

एवढे समजल्यावरही एक कोडे उरतेच. ज्याला अंगच नाही असा चकवा 'पुढे काय झाले' हा प्रश्न चटकन उभा करतो. आग ओकणारा अजस्र ड्रॅगन अनेकदा तो उभा करू शकत नाही. असे का होते? या प्रश्नाचे चांगले उत्तर टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या एका खेळात मिळते.

## भातुकली आणि वीस बाजूंचा फासा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हे नाव लांबलचक असले तरी खेळ समजायला सोपा आहे. भातुकलीत एकजण आई होते, एकजण दुकानदार होतो आणि खोटे घर खरे मानून सगळे बोलू लागतात. इथेही तसेच असते, फक्त भांडण सोडवायला नियम आणि फासे असतात. चार-पाच खेळाडू एकेक पात्र घेतात: कुणी वैदू, कुणी शिपाई, कुणी चोर. आणखी एकजण गेम मास्टर होतो. जग कसे आहे, समोर कोण आले, त्याने काय केले, हे तो सांगतो. खेळाडू आपापले पात्र काय करणार ते बोलतात. ते साधेल की नाही अशी शंका असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा पडतो. गेम मास्टरने ठरवलेल्या आकड्याइतका किंवा वरचा आकडा आला तर काम फत्ते.

ठरलेली पटकथा नसते. म्हणूनच गेम मास्टरपुढची पहिली अडचण असते ती खेळाडूंना गावातल्या खानावळीतून उठवून रानात नेण्याची. ज्या प्रसंगामुळे खेळाडू आपण होऊन म्हणतात, "चला, बघू या", त्या प्रसंगाला खेळात हुक म्हणतात. हुक कच्चा असला तर खेळाडू खानावळीतच गप्पा मारत बसतात आणि संध्याकाळ वाया जाते.

## ड्रॅगनची अडचण

या प्रकारचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. १९७७ मध्ये त्याचे 'मॉन्स्टर मॅन्युअल' निघाले. साडेतीनशेहून अधिक प्राण्यांचा हा कोश. प्रत्येकाची ताकद किती, चिलखत किती, किती घाव झाले की तो पडतो, सगळे त्यात मांडलेले. खेळ जगभर पसरला आणि त्या कोशातली दहा-पंधरा नावे घरोघरची झाली. ड्रॅगन त्यांचा मुकुटमणी.

अडचण नेमकी तिथेच आहे. अनुभवी खेळाडूला ड्रॅगनचा रंग कळला की पुढचे सगळे कळते. लाल असेल तर आग ओकेल, सोनेरी असेल तर सज्जन असेल. प्रश्न फक्त एवढाच उरतो की आपला मारा त्याला पुरेल का. हे गणित आहे. त्यात मजा नाही असे नव्हे, पण गणित सुटल्यावर विचारण्यासारखे फारसे काही शिल्लक राहत नाही.

याच खेळाच्या कोशांच्या कोपऱ्यांत पडलेले काही प्राणी मात्र वेगळेच काम करतात. रस्ट मॉन्स्टर घ्या. गायगॅक्स यांनी स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या पाकिटातून एक चमत्कारिक आकार उचलला आणि त्याचा हा प्राणी केला. तो कुणाला मारत नाही. तो लोखंडाला गंज चढवतो आणि तो गंज खातो. ज्याने सहा महिने खेळून चांगली तलवार मिळवली आहे, तो शूर योद्धा या प्राण्यापुढे मागे सरतो आणि हातात लाकडी काठी असलेला वैदू पुढे येतो. टेबलावरची उतरंड एका क्षणात उलटी होते. आता एखाद्या गावातले सगळे नांगराचे फाळ गंजू लागले आणि पेरणी चार दिवसांवर आली आहे असे सांगा. हुक तयार झाला.

दुसरा फ्लंफ. १९८१ च्या 'फीएंड फोलिओ' या कोशात आलेला, हवेत तरंगणारा, जेलीफिशसारखा, स्वभावाने भला प्राणी. भला असल्यामुळे त्याच्याशी लढायचे कारण नाही, म्हणून खेळाडूंनी त्याची वर्षानुवर्षे टिंगल केली. खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत लेखकांनी त्याला एक सवय जोडली. मनाच्या शक्तीने इतरांना छळणाऱ्या दुष्टांच्या आसपास हे फ्लंफ राहतात, त्यांच्या मनातली थोडी ऊर्जा शोषून जगतात आणि ती शोषताना दुष्टांचे बेतही त्यांना कळतात. एका वाक्याने टिंगलीचा विषय खबऱ्या झाला. त्याची ताकद वाढवावी लागली नाही.

भारतीय राक्षसाचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९७४ च्या डिसेंबरात अमेरिकी टीव्हीवर 'कोल्चॅक : द नाइट स्टॉकर' मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यातला राक्षस समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेतो आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. पुढच्याच वर्षी राक्षस या खेळात आला तो तोच बाण घेऊन. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधल्या चित्रात त्याला वाघाचे तोंड आणि हातात पाइप मिळाला. रावण, घटोत्कच, हिडिंबा यांच्या परंपरेतला राक्षस जगभरच्या टेबलांवर आजही याच रूपात ओळखला जातो. मूळ भूमीतल्या लोकांनी आपल्या गोष्टी आपण मांडल्या नाहीत तर हे असे होत राहणार. चित्र बदलते आहे, हे खरे. २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात मूळच्या कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्यांच्या मुलुखावर बेतलेली मोहीम लिहिली आहे. मराठी मुलखाला मात्र अजून तशी जागा मिळायची आहे.

## अट घेऊन येणारी भुते

मराठी भुतांची यादी नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या ताकदीबद्दल गोष्टी फारशा बोलत नाहीत. त्या सांगतात भुताची जागा आणि भुताची अट.

मुंजा पिंपळावर राहतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला, त्याचे हे भूत. म्हणजे त्याचे एक कार्य राहिले आहे. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. तिचेही काही राहिले आहे. ब्रह्मसमंध पुरलेल्या धनावर बसतो. भुताची शेंडी कापून जपून ठेवली तर ते घरगड्यासारखे राबते, पण शेंडी परत हाती लागली की संपले, अशी समजूत आहे. वेताळ रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गोव्यात आणि सिंधुदुर्गात त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. हाकामारी ओळखीच्या आवाजात दारातून हाक मारते आणि पहिल्या हाकेला 'ओ' द्यायची नसते. तिची तेलुगू बहीणही आहे. दारावर 'ओ स्त्री, रेपु रा', म्हणजे 'बाई, उद्या ये', असे लिहिले की ती वाचते आणि परत जाते. आदिलाबादसारख्या दुभाषी जिल्ह्यात या दोघी एकाच गल्लीत शिरल्या तर? एकीला लिहिलेले चालते, दुसरीला फक्त मौन.

पाण्याच्या डोहाशी साती आसरा असतात. शेंदूर लावलेले सात दगड, हिरव्या बांगड्या, खण, नारळ. त्या रागावल्या तर माणूस पाण्यात ओढला जातो, प्रसन्न झाल्या तर घर भरते. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि स्त्रीत्व यांवरच्या १९९५ च्या ग्रंथात त्यांच्याविषयी विस्ताराने लिहिले आहे.

हे सगळे कागदावर आले त्याचीही एक कथा आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. १९०९ च्या डिसेंबरात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते काम अर्धे राहिले. पुढे आर. ई. एन्थोवन यांनी ती टिपणे छापली. कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. गावातल्या मास्तरांनी लिहिलेल्या त्या उत्तरांत भुतांच्या जागा, खोडी आणि उपाय ओळीने येतात. गेम मास्टरला हवे असते ते हेच.

हुक चालतो तो असा. प्राण्याची एक अट असते आणि खेळाडूंची एक गरज असते. दोन्ही एकमेकांना आडव्या आल्या की निवड करावी लागते आणि निवड करावी लागली की गोष्ट सुरू होते. ड्रॅगनला बहुधा अट नसते, फक्त ताकद असते. लोककथेतले भूत अट बरोबर घेऊनच येते.

## मोहाच्या झाडाखाली

आता एक खेळ जवळून पाहू. चैत्राची रात्र आहे. खेळाडूंना एका सुइणीला रानातून पलीकडच्या गुड्यावर पोचवायचे आहे. तिथली बाई अडली आहे आणि उजाडायच्या आत पोचले नाही तर उपयोग नाही. रानात चकवा आहे. चकव्यातून सुटायचा गावठी उपाय सगळ्यांना माहीत आहे: एका जागी बसायचे आणि उजाडू द्यायचे. सुटण्याची अट उजाडण्याची, गरज उजाडण्यापूर्वीची. पेच इथेच पडला.

गेम मास्टर सांगतो, वाट सापडायला १५ किंवा वरचा आकडा हवा. वीस बाजूंपैकी सहा बाजू अनुकूल, म्हणजे शक्यता ३० टक्के. सलग तीनदा चुकण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के निघते. तीनपैकी एका टेबलावर खेळाडू तिन्ही वेळा त्याच झाडापाशी येणार. म्हणून गेम मास्टरने त्या तीन फेऱ्यांची तयारी आधीच करून ठेवावी.

पहिल्या फेरीला मोहाच्या झाडाखाली ताज्या फुलांचा सडा असतो, गोडसर वास असतो. दुसऱ्या फेरीला तीच फुले तुडवलेली असतात, आणि पाऊलखुणा खेळाडूंच्याच असतात. तिसऱ्या फेरीला झाडाच्या बुंध्याशी एक म्हातारा बसलेला असतो. तो म्हणतो, "बसा. मीही उजाडायचीच वाट बघतोय." त्याच्या अंगावरचे घोंगडे कुठल्या काळातले आहे हे एखाद्या खेळाडूने विचारले, तर टेबल शांत होते. म्हातारा वाट सांगू शकतो, पण त्याची एक विनंती आहे: त्याच्या जागी कुणीतरी बसले पाहिजे.

कुणी तलवार काढली नाही. कोशात या प्राण्याचे एक पानही नाही. तरी चार माणसे अर्धा तास वाद घालतील, आणि सुइणीच्या पात्राचा खेळाडू काय म्हणतो याकडे सगळ्यांचे कान लागतील.

## प्रधानांच्या किंगरीतला नाग

आदिलाबादच्या खेळाडूंना दूरचे राक्षस उसने आणायची गरज नाही. या जिल्ह्यात गोंडांच्या कुळकथा गाणारे प्रधान आहेत. १९४० च्या दशकात इथे राहून अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' (१९४८) या ग्रंथात या परंपरेची नोंद केली. प्रधान घरात मराठी बोलतात आणि यजमानांपुढे किंगरी या तंतुवाद्यावर गोंडी कथा गातात. एका भाषेत जगून दुसऱ्या भाषेतले पुराण सांभाळणारे हे कलावंत मराठी वाचकाला अजून पुरेसे माहीत नाहीत, ही खेदाची बाब आहे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीही प्रधानाकडून गोंडांच्या पुराणातल्या लिंगो या नायकाची कथा उतरवून घेतली होती. हिस्लॉप १८६३ मध्ये वारले आणि त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. त्या पाठात महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आहे. त्यांना सोडवायचे तर लिंगोने समुद्रकाठच्या काळ्या बिंदो पक्ष्याची पिल्ले आणून द्यायची आहेत. लिंगो घरट्यापाशी पोचतो तेव्हा आईबाप चारा आणायला गेलेले असतात. पिल्ले उचलून चालू लागणे सोपे आहे, पण मालक घरी नसताना नेले तर ती चोरी होईल, असे त्याच्या मनात येते. तो थांबतो. तेवढ्यात पाण्यातून भौरनाग वर येतो. बिंदोची आधीची पिल्ले त्यानेच गिळलेली असतात. लिंगो नागाचे सात तुकडे करतो आणि परत आलेले आईबाप आपण होऊन त्याला महादेवाकडे पोचवतात.

मोहीम लिहिणाऱ्याने हा प्रसंग ओळीओळीने अभ्यासावा. भौरनाग किती लांब, किती विषारी, याला इथे महत्त्व नाही. तो आला तो नायकाच्या मनात चोरी की थांबणे हा प्रश्न चालू असताना. न थांबता पिल्ले घेऊन निघून गेला असता तर लिंगोला नाग दिसलाही नसता. टेबलावर बरेच खेळाडू पिल्ले उचलून पळतील. पळू द्यावे. मग रिकाम्या घरट्यापाशी आलेला नाग भुकेला राहतो आणि मागावर निघतो, वरून आईबापही शोधायला निघतात. एका प्राण्यातून दोन पाठलाग.

याच कथेत पुढे नदीला पूर येतो आणि अडकलेल्या गोंडांना पलीकडे न्यायला मगर आणि कासव पुढे येतात. मगर मध्यावर दगा देते, कासव तारते. पूर चढतो आहे, दोन पाठी समोर आहेत आणि कुणावर बसायचे हे आता ठरवायचे आहे. एका संध्याकाळच्या खेळाला एवढे पुरते.

चौकट : दुर्लक्षित राक्षसातून मोहीम काढताना

राक्षस दिसण्याआधी काय दिसते? गंजलेला फाळ, तुडवलेली फुले, रिकामे घरटे. सुरुवात तिथून करावी.

त्याची अट काय? एका वाक्यात सांगता आली पाहिजे, आणि खेळाडूंना ती गावातल्या कुणाकडून तरी कळली पाहिजे. अट लपवून ठेवली तर खेळाडूंना फसवल्यासारखे वाटते.

ती अट आज, या घडीला कुणाच्या गरजेच्या आड येते? हे उत्तर सुचले नाही तर दुसरा राक्षस घ्यावा.

मारल्याखेरीज सुटायच्या किमान दोन वाटा आहेत का?

## नागोबा राक्षस नव्हे

इथे एक मर्यादा पाळायलाच हवी. आदिलाबाद जिल्ह्यात केस्लापूरचा नागोबा आहे. पौष अमावास्येला तिथे जत्रा भरते. मेस्राम कुळातले लोक जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूपर्यंत पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्या पाण्याने पूजा होते आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. नागोबा लाखोंचा देव आहे. त्याला कोशात टाकून त्याच्यापुढे घावांचा आकडा लिहिणे हा उद्धटपणा होईल. दिवाळीच्या सुमारास दंडारीत मोरपिसांचा टोप घालून नाचणारे गुसाडीही परक्या नजरेला विचित्र प्राणी वाटतील, पण ते देवाचे रूप घेऊन आलेले पाहुणे असतात. आसरांचे सात दगड तर पुष्कळ गावांत आजही पूजेत आहेत.

मग खेळायचे काय? ज्यांची पूजा होत नाही ते चकवा, मगर, हाकामारी, भौरनाग मोकळेपणाने घ्यावेत. पूजेतली रूपे खेळाच्या जगात आली तरी मारण्याचे लक्ष्य म्हणून येऊ नयेत. आसरांच्या डोहाजवळून जाताना पात्रांनी काय वाहिले, एवढा प्रश्न खेळाला पुरेसा आहे. शिवाय ज्या समाजाची कथा आहे त्या समाजातला कुणी टेबलावर असेल तर गेम मास्टरने आधी त्याला विचारावे आणि तो नको म्हणाला तर ती कथा बाजूला ठेवावी.

या सुट्टीत ज्यांना खेळ मांडायचा आहे त्यांनी महागडी पुस्तके मागवण्याआधी आपल्या गावातल्या सत्तरीपुढच्या दोन माणसांना गाठावे. कुठल्या ओढ्यावर काय असते, ते कशाने सुटते आणि ते कुणाला भेटले होते, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावीत. एक फासा, ती वही आणि चार मित्र एवढ्यावर पहिली मोहीम सुरू करता येते.